बेसवर पैसे घालू की बेसच बदलू? (नागपूरचा उन्हाळा धरून सांगा)

चार_तारा · शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मनीष नगरला राहतो, कॉलेजच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. बेस सेकंडहँड घेतलेला, चार तारांचा, पॅसिव्ह. नेककडे (दांडीकडे) प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप (तारेचं कंपन पकडणारं चुंबक-कॉइल), ब्रिजकडे (तारा बॉडीवर टेकतात तिकडे) जॅझचा. प्रिसिजन आणि जॅझ ही फेंडरच्या दोन बेसची नावं. कंपनी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर पहिले वीस प्रतिसाद त्याच्यावरच जातील.

दुखणी अशी: प्लग लावला की गुणगुण सुरू. एप्रिलपासून पाचव्या फ्रेटच्या (दांडीवरच्या आडव्या पट्टीच्या) पुढे ई आणि ए तारा खडखडतात, डिसेंबरात असं काही नव्हतं. आणि ई तार वाजते पण बोलत नाही, बँड सुरू झाला की गायबच.

हाताशी पंधरा हजार आहेत. ड्रमर म्हणतो पिकअप बदल. गिटारिस्ट म्हणतो जड ब्रिज टाक, सस्टेन येईल (स्वर जास्त वेळ टिकेल). बाबा म्हणतात विकून टाक आणि यूपीएससीचा फॉर्म भर. शेवटचा पर्याय सोडून बाकीच्यांवर बोला. आणि हे काम नागपुरात होतं का, की मुंबई-पुण्यालाच न्यायचं?

बर्डीवाला · शनिवार, रात्री १०:२०

यूपीएससी एवढ्या लवकर बाद करू नको.

संत्र्याची_फोड · शनिवार, रात्री १०:३१

बँडमध्ये बेस ऐकू यावा ही अपेक्षाच मुळात मोठी आहे. बाकी चालू द्या.

सोल्डर_ताई · शनिवार, रात्री ११:०५

पंधरा हजार खिशातच राहू दे. आधी फुकटातलं बघ.

जॅझ पिकअपचा व्हॉल्यूम शून्यावर ने. प्रिसिजनचा पिकअप १९५७ पासून दोन तुकड्यांचा आहे. त्यातल्या एका कॉइलचा वळसा आणि चुंबक दुसऱ्याच्या उलट असतात, त्यामुळे बाहेरून आलेली गुणगुण आपापसात कटते आणि तारेचा आवाज तेवढा उरतो. जॅझचा एकटा कॉइल मात्र अँटेनाच. तो बंद केल्यावर शांतता झाली तर बेसमध्ये काही बिघाड नाही, सिंगल कॉइल आपला धर्म पाळतोय.

शांतता नाही झाली तर तारांना हात लाव. हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ग्राउंडची वायर शाबूत आहे, आतल्या पोकळीला शिल्डिंग (गुणगुण अडवणारं धातूचं अस्तर) नाही एवढंच. हात लावल्यावर वाढली तर ब्रिजखालची वायर सुटली आहे किंवा जॅकवर कोणीतरी उलटी जोडली आहे. सेकंडहँड बेसमध्ये हे दुसरं प्रकरण फार सापडतं.

आणि ॲम्पच्या इक्यूनं (बास-ट्रेबलच्या बटणांनी) ही गुणगुण कापायला जाऊ नको. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी आहे ४९ हर्ट्झचा. म्हणजे ती बरोबर तुझ्या मुलखात येऊन बसते. तिला कापशील तर जीसुद्धा जाईल.

बर्डीवाला · शनिवार, रात्री ११:१४

म्हणजे जी मध्ये गाणं बसवलं की गुणगुण सुरात येईल का ताई?

सोल्डर_ताई · शनिवार, रात्री ११:१७

थोडी चढी लागेल. जी आणि जी शार्पच्या मध्ये. तुमच्या गायकाला चालून जाईल, त्याचाही सूर तिथेच असतो.

ऑर्केस्ट्रा_काका · रविवार, सकाळी ७:४८

ताई बराबर सांगून राहिली. पन पोरा, खडखड काऊन होऊन राहिली ते माह्याकडून आईक. तो नागपूरचा उन्हाया हाये. बाहेर पंचेचाळीस, हवा कोरडी ठन्न. घरात वाळ्याचा कूलर, त्याच्यासमोर तुहा बेस उभा. दिवसभर ओल खाते, रात्री पानी संपलं का पुन्हा कोरडा. मंग जुलैत पावसाया. लाकडानं तरी काय कराव?

आमच्या टायमाले ट्रस रॉड, म्हनजे नेकच्या आतली वाक काढाची सळाख, कोनाले माहीत होता? भीमजयंतीचे कार्यक्रम, दसऱ्याले रातभर दीक्षाभूमीकडं, गनपती, दुर्गा, सारं एकाच बेसवर. ॲम्प म्हनजे अहुजाचा डबा, त्याच्यातच गायक, त्याच्यातच बेस. तार तुटेपर्यंत बदलायची नाई. आर. डी. बर्मनच्या गान्यात टोनी वाझचा बेस कॅसेटवर मागं-पुढं करून आईकाचा, बोटं दुखेपर्यंत. आता ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवते आन् एका मानसाचे पैसे वाचवते. म्हनून तुह्यासारखं पोरगं बेस घेऊन बसलं का बरं वाटते.

विकू नको. कूलरसमोरून उचल आधी.

चार_तारा · रविवार, सकाळी ९:३०

काका, कूलरसमोरच असतो. तुम्हाला कसं कळलं?

ऑर्केस्ट्रा_काका · रविवार, सकाळी ९:४१

नागपुरात राहतेस ना? मंग कूलर सोडून तू तरी कुठं बसशील.

टॅपेट_भाऊ · रविवार, दुपारी १२:१५

वाडीला आपलं गॅरेज आहे, बेस रात्री वाजवतो. अंदाजानं रॉड फिरवू नको, मोज.

बेस सुरात लाव. पहिला फ्रेट डाव्या हातानं दाब, शेवटचा उजव्या कोपरानं किंवा करंगळीनं, जसं जमेल तसं. तार आता सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटच्या मध्ये फट किती आहे ते बघ. ०.३ ते ०.३५ मिलिमीटर हवी. आमच्याकडे टॅपेट सेट करायची फिलर गेज असते, तिची पात सरकवून बघायची. कोणत्याही गॅरेजात मागितली तर पाच मिनिटं देतील. नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड.

फट नाहीच, तर रॉड ढिला कर, म्हणजे घड्याळाच्या उलट. फट जास्त, तर आवळ. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर जायचं नाही. पुन्हा सुरात लाव, थोडा वेळ जाऊ दे, पुन्हा मोज. ॲलन की इंची मापाची लागते की मिलिमीटरची ते आधी नीट बघ. जवळपासची घुसवली तर नटाचे कोपरे गोल होतात आणि मग पंधरा हजार त्याच कामाला लागतील. जोर लावावा लागला तर हात काढून घे.

लाकडगंज_दोन_नंबर · रविवार, दुपारी २:०२

टॅपेट भाऊंचं माप बरोबर आहे, पण रॉग्याला न पाहता औषध देणं चाललंय. खडखड पहिल्या चार-पाच फ्रेटमध्ये असती तर मी पण म्हटलं असतं की नेक सरळ झाली, रॉड ढिला कर. हा तर पाचव्याच्या पुढे म्हणतो. तिथे नेक उलट जास्त वाकलेली असू शकते, किंवा सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) खाली बसलेले असतील, किंवा एखादा फ्रेट उचलला असेल. रॉड ढिला केला तर आणखी वाढेल.

फ्रेटच्या कडांवरून बोट फिरवून बघ रे. टोकं टोचतात का? कोरड्या हवेत फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं, धातू आकसत नाही, मग फ्रेटची टोकं बाहेर येतात. टोचत असतील तर लाकूड नक्की सुकलंय. घाईनं कानस मारू नको, ऑगस्टमध्ये बरीचशी आपोआप आत जातात.

टॅपेट_भाऊ · रविवार, दुपारी २:२०

म्हणूनच म्हटलं ना आधी मोज. न मोजता ढिला कर असं कुठं म्हटलं?

लाकडगंज_दोन_नंबर · रविवार, दुपारी २:२६

बरं बाप्पा, तुमचंच खरं. शाळेतून सुटलेल्या पोरांसारखं भांडत नाही बसत. "रॉग्याला" नाही, "रोग्याला".

पुणेरी_स्लॅप · रविवार, संध्याकाळी ५:५०

नागपूरकरांनो, बेस घरात एसीत ठेवा, विषय संपला. आमच्याकडे पुण्यात असले प्रश्न येत नाहीत.

संत्र्याची_फोड · रविवार, संध्याकाळी ५:५८

तुमच्याकडे दुपारी एक ते चार बेसही झोपतो म्हणे.

फ्लॅटवाउंड · रविवार, रात्री ८:३३

ई तारेबद्दल कोणीच बोललं नाही. तारा कधी बदलल्यास? सेकंडहँडबरोबर आल्या त्याच असतील तर पिकअप, ब्रिज वगैरे सगळी चर्चा सोडून दे. गुंडाळलेल्या तारेच्या खाचांत घाम आणि कातडीचा मळ बसतो, तार एकसारख्या वजनाची राहत नाही, मग वरचे स्वर मरतात आणि सूरही नीट लागत नाही. आपल्याकडचा मे महिना म्हणजे हाताला घामाच्या धारा. वाजवून झालं की सुती फडक्यानं पुसायची सवय लाव.

तारा उकळून पुन्हा जिवंत करतात लोक. थोडे दिवस चालतात, मग गंजतात. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल भरलेल्या पीव्हीसी पाइपात रात्रभर बुडवून ठेवणं बरं. घरात देवघर, गॅस, उदबत्ती यांच्यापासून लांब, हे सांगायला नको.

माझं स्वतःचं मत विचाराल तर फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या, गुळगुळीत तारा) लावा आणि विसरून जा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या जेम्स जेमरसननं प्रिसिजनवर जाड फ्लॅटवाउंड वाजवल्या, त्या बदलायच्याही नाहीत असा त्याचा खाक्या होता, आणि उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा. त्या बेसला ना जड ब्रिज होता ना नवा पिकअप.

मेकोसाबाग_लो_एंड · रविवार, रात्री ९:१०

फ्लॅटवाउंड, तुमचं पटतं, पण जेमरसनचं नाव घेऊन तारा न बदलण्याची सूट घेणारे फार आहेत. तो न बदलता वाजवायचा त्या फ्लॅटवाउंड, आपल्या खाचांच्या राउंडवाउंड नव्हेत.

मला वेगळंच विचारायचंय. चार तारा, तू वाजवतोस कशावर?

चार_तारा · रविवार, रात्री ९:२२

गिटारिस्टच्या प्रॅक्टिस ॲम्पवर. दहा वॉटचा आहे, आठ इंची स्पीकर.

बर्डीवाला · रविवार, रात्री ९:२३

घ्या!

टॅपेट_भाऊ · रविवार, रात्री ९:२५

दोन दिवस आम्ही इंजिन उघडून बसलो आन् हा म्हणते टाकीत पेट्रोलच नाही.

ऑर्केस्ट्रा_काका · रविवार, रात्री ९:३१

अरे राजा. हे पैले सांगाचं ना.

सोल्डर_ताई · रविवार, रात्री ९:५५

हसू नका त्याला, बहुतेक कॉलेज बँडमध्ये हेच असतं.

उघडी ई तार ४१ हर्ट्झची. आठ इंची गिटारचा स्पीकर एका लहान, मागून उघड्या खोक्यात असतो. त्याला एवढ्या खालचा आवाज काढताच येत नाही. तुला जे ऐकू येतं ते ८२ आणि १२३ हर्ट्झचे वरचे स्वर, त्यावरून कान मूळ स्वर ओळखून घेतो. घरात एकट्यानं वाजवताना चालतं. ड्रमच्या किकनं तेवढीच जागा घेतली की तुझं काही उरत नाही. शिवाय खालचा स्वर तेवढाच मोठा ऐकू यायला कानाला कितीतरी जास्त ताकद लागते. म्हणून पन्नास वॉटच्या गिटारिस्टपुढे बेसवाले दोनशे-तीनशे वॉट घेऊन उभे असतात, हौस म्हणून नाही.

आणि स्पीकरच्या दृष्टीनंही वाईट. जोरात वाजवत राहिलास तर त्याचा कागदी पडदा फाटेल आणि गिटारिस्टबरोबरची मैत्रीही.

नवखा_नंदनवन · रविवार, रात्री १०:२०

मध्येच विचारतो, रागवू नका. बेसमध्येच बॅटरी असते असं ऐकलं. मग पॅसिव्ह म्हणजे काय?

सोल्डर_ताई · रविवार, रात्री १०:३४

पॅसिव्हमध्ये पिकअप, पॉट (व्हॉल्यूम-टोनची फिरती बटणं) आणि एक कपॅसिटर, संपलं. टोनचा पॉट फक्त वरचे स्वर कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. ॲक्टिव्हमध्ये आतच छोटा प्रीॲम्प असतो, ९ व्होल्टच्या बॅटरीवर. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेपासून हा प्रकार रुळला. त्यात जॅक हाच स्विच असतो, केबल लावून ठेवली की बॅटरी रात्रभर जळते. कार्यक्रमाच्या ऐन वेळी आवाज फाटायला लागला की आधी केबल कोणी काढली नव्हती ते शोधायचं.

पॉट बदलायचेच झाले तर आणखी एक सांगते. दुकानात २५० के मागशील तर जे हाताला लागेल ते देतात. वर "ए" लिहिलं असेल तर तो लॉग, "बी" असेल तर लिनियर. व्हॉल्यूमला लिनियर बसवला तर बरीचशी फेरी फिरवूनही आवाज फारसा उतरत नाही आणि शेवटी एकदम पडतो. टोनला ०.०४७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. त्यासाठी महागडा "विंटेज" कपॅसिटर घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, ते आनंदात असतात.

मेकोसाबाग_लो_एंड · रविवार, रात्री १०:५०

आमच्या चर्चमध्ये बेसला ॲम्पच नाही. डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल मिक्सरजोगा करणारा छोटा डबा) सरळ मिक्सरला आणि मेन स्पीकरला. पॅसिव्ह बेस असेल तर ॲक्टिव्ह डीआय बरा. तो पिकअपवर भार टाकत नाही, म्हणून वरचे स्वर टिकतात, आणि मिक्सरच्या ४८ व्होल्टवर चालतो, वेगळी बॅटरी नको. कॉलेजच्या सभागृहात मिक्सर असतोच. चार तारा, तुझ्या पंधरा हजारांतला पहिला खर्च मी हा लिहीन.

आता जरा गंभीर. पेंडॉलमध्ये जनरेटरवर वाजवताना अर्थिंगची खात्री झाल्याशिवाय एक हात तारांवर आणि ओठ माइकवर असं करू नका. बेसच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, माइक मिक्सरच्या अर्थला. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणाहून आले असतील आणि एकीकडे अर्थ नसेल, तर मधली वायर म्हणजे तुम्ही. आणि गुणगुण जाते म्हणून ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे जे महाभाग आहेत, त्यांच्या शेजारी उभंसुद्धा राहू नका.

ऑर्केस्ट्रा_काका · सोमवार, सकाळी ७:३०

लाख बोललास. खापरखेड्याकडं एका कार्यक्रमात गायकाले असा झटका बसला का तो "कबिरा" म्हनता म्हनता वरच्या सप्तकात गेला. लोकाइनं टाळ्या वाजवल्या. आमी मेन खाली पाडला.

लाकडगंज_दोन_नंबर · सोमवार, दुपारी १:१५

थोडं अवांतर. घरच्या वखारीतल्या सागवानाची बेस बॉडी काढायचा बेत आहे. आलापल्लीचं सागवान आहे, २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीचंच सागवान गेलं होतं, आपल्या बेसला का नको? ज्यांनी केलंय त्यांनी बोला.

फ्लॅटवाउंड · सोमवार, दुपारी १:४०

बोलतो. पाठीच्या डॉक्टरचा नंबरही देतो.

लाकडगंज_दोन_नंबर · सोमवार, दुपारी ४:०५

वजनाचं मलाही माहीत आहे. सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो, परदेशी बेसला वापरतात ते ऑल्डर ४५० च्या आसपास. त्याच मापाची बॉडी जवळजवळ दीडपट भरणार. पण आतून पोकळ्या काढता येतात.

खरी अडचण दुसरी आहे. सागवानात तेल असतं, फळ्या जोडायच्या आधी ॲसिटोननं पुसल्या नाहीत तर डिंक सुटतो. आणि सिलिका असते, तीन फळ्या रंधल्या की पातं बोथट. म्हातारे मिस्त्री म्हणतात शिवणीचं लाकूड घे. शिवण हलकी, तडकत कमी, वाकत कमी, आणि वाद्यांना पूर्वीपासून वापरतात. आपल्या जंगलात मिळते. मिरजेला सतार-तंबोऱ्याला तूण वापरतात, ती पण हलकीच. नेकला मात्र प्रयोग करणार नाही, ती तयारच घेईन. ३४ इंचांच्या स्केलवर चार तारांचा ताण असतो, तिथं मिस्त्रीचा अंदाज चालत नाही.

पुणेरी_स्लॅप · सोमवार, संध्याकाळी ६:२२

फिंगरबोर्ड शिसवीचा घ्यायचा असेल आणि पुढेमागे बेस परदेशात विकायचा असेल तर कागद सांभाळा. २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीत आल्या. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण नुसतं लाकूड पाठवायचं असेल तर परवानगी लागतेच.

बर्डीवाला · सोमवार, संध्याकाळी ६:३०

पुणेकरानं कामाचं काही सांगितलं! धागा जपून ठेवा.

डी_तार · सोमवार, रात्री ९:०२

जड ब्रिजचं कोणी उत्तर दिलं नाही. मी बदललाय, फरक पडतो. सस्टेन स्पष्ट वाढतो.

सोल्डर_ताई · सोमवार, रात्री ९:११

त्याच दिवशी तारा पण नव्या लावल्या असतील.

डी_तार · सोमवार, रात्री ९:१३

हो, ब्रिज बदलायचा तर तारा काढाव्या लागतातच की.

सोल्डर_ताई · सोमवार, रात्री ९:१४

झालं तर मग.

डी_तार · सोमवार, रात्री ९:२०

ताई, तुम्ही मोजमापवाल्या. वाजवताना हाताला जे कळतं ते मल्टिमीटरला कळत नाही. एवढे लोक उगाच बदलतात का?

टॅपेट_भाऊ · सोमवार, रात्री ९:३८

सायलेन्सर बदलला की गाडी जास्त पळते असं सांगणारी पोरं माझ्याकडे रोज येतात. (जड ब्रिजचे सॅडल खाचेत बसतात, जागेवरून हलत नाहीत, हा फायदा मात्र खरा.)

त्याआधी फुकटचं काम: पिकअपची उंची. दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून ई तारेकडची बाजू थोडी वर, जी तारेकडची थोडी खाली, असं करून चारही तारा सारख्या ऐकू येतील तिथं थांबायचं. फार वर नेला तर चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर डगमगतो. मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं): बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि तिथंच दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघ. दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरलेला तर पुढे.

डी_तार · सोमवार, रात्री ९:५०

आंधळी चाचणी करू. एकाच तारा, दोन ब्रिज, पडद्यामागून मी वाजवतो. हरलो तर तर्री पोहे माझ्याकडून.

संत्र्याची_फोड · सोमवार, रात्री ९:५२

मी परीक्षक. मला दोन्हीतला फरक कळणार नाही, पण पोह्यांचा कळतो.

मेकोसाबाग_लो_एंड · सोमवार, रात्री १०:१५

यावरून आठवलं. मुंबईला गोरेगावात पाम एक्स्पो भरतो तिथे एकदा जाऊन आलो. मजा आली, पण तो मुख्यतः साउंड आणि लाइटवाल्यांचा. बेस टांगलेले फार थोडे. कॅलिफोर्नियात अनाहाइमला नॅमचा शो असतो तिथले व्हिडिओ बघून जीव जळतो, हॉलच्या हॉल वाद्यांचे. पण तोही मूळचा व्यापाऱ्यांचा मेळावा, ती संघटनाच १९०१ सालची वाद्यविक्रेत्यांची आहे.

आपल्याकडे बेस हातात घेऊन, तुलना करून बघायला मिळतच नाही. दुकानात एखादा असतो, त्याच्या तारा मेलेल्या. मग लोक व्हिडिओ बघून मागवतात. दहा जणांनी आपापले बेस घेऊन एका खोलीत बसायला काय हरकत आहे? एकच ॲम्प, सगळ्यांचे बेस त्यावर. प्रिसिजन, जॅझ, ॲक्टिव्ह, पाच तारांचा, जे असेल ते. आमच्याकडचा हॉल रविवारी दुपारनंतर रिकामा असतो, विचारून बघतो.

नवखा_नंदनवन · सोमवार, रात्री १०:२१

माझ्याकडे बेसच नाही, तरी येऊ का?

मेकोसाबाग_लो_एंड · सोमवार, रात्री १०:२४

तुझ्यासाठीच तर आहे.

फ्रेटलेस_फुटाळा · सोमवार, रात्री ११:०८

मी फ्रेटलेस आणतो. साधा जॅझ बेस होता, फ्रेट काढून खाचांत व्हिनियरच्या पातळ पट्ट्या बसवल्या आणि वरून इपॉक्सी. जॅको पास्टोरियसच्या १९६२ च्या जॅझ बेसवर होड्यांना लावायचं इपॉक्सी होतं, कारण राउंडवाउंड तारा उघड्या लाकडाला कानशीसारख्या खातात. फ्रेट उपटताना सोल्डरिंग आयर्ननं आधी गरम करा, नाहीतर लाकडाचे टवके निघतात.

उभ्या मोठ्या बेसवरून लोक फ्रेटच्या बेसवर गेले ते सूर अचूक लागावा म्हणून, आणि आम्ही फ्रेट काढून परत जातो. १९३६ मध्ये सिॲटलला पॉल टुटमार्कनं गिटारसारखा आडवा, फ्रेटचा इलेक्ट्रिक बेस विकायला काढला होता, लिओ फेंडरच्या प्रिसिजनच्या पंधरा वर्षं आधी. चालला नाही बिचारा. तेव्हा त्याला पुरेसा आवाज देणारा ॲम्पच नव्हता. चार तारा, ओळखीचं वाटतं का काही?

चार_तारा · बुधवार, रात्री ९:४५

सगळ्यांचे आभार. आता अहवाल देतो.

जॅझ पिकअप बंद केला, गुणगुण निम्म्यापेक्षा कमी. तारांना हात लावला, आणखी कमी. म्हणजे ताईंच्या भाषेत ग्राउंड शाबूत, शिल्डिंग नाही. मागचं झाकण उघडलं तर आत काळा पेंट आहे, पण मल्टिमीटर लावला तर काहीच वाजेना, म्हणजे वीज वाहत नाही. नुसता रंग.

टॅपेट भाऊ, वाडीला येऊन गेलो, तुम्ही नव्हतात, तुमच्या पोरानं गेज दिली. फट ०.७ निघाली. म्हणजे लाकडगंजवाले दादा बरोबर होते, नेक जास्त वाकली होती. पाव फेरा आवळला, दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. आता ०.३५ आहे. खडखड ए तारेवरून गेली, ई वर दोन फ्रेटवर थोडी आहे, तिथं सॅडल चढवून बघतो. बेस कूलरसमोरून कपाटात गेलाय, आईचे दोन शालूंचे डबे बाहेर आलेत.

कॉलेजच्या सभागृहात कोणाचा तरी डीआय मागून मिक्सरला लावला. ई तार बोलते हो! ड्रमर म्हणाला नवीन पिकअप टाकला का. मी हो म्हटलं.

तर पैसे असे ठरवलेत: नव्या तारा, तांब्याची टेप, एक ॲक्टिव्ह डीआय. उरलेले ठेवून देतो, वापरलेला बेस ॲम्प कुठे मिळतो का बघतो, पंधरा इंची स्पीकरचा किंवा दोन दहा इंचींचा. पिकअप तूर्तास नाही.

लाकडगंज_दोन_नंबर · बुधवार, रात्री ९:५०

टॅपेट भाऊ, ऐकलं का?

टॅपेट_भाऊ · बुधवार, रात्री ९:५८

ऐकलं. मोजूनच कळलं ना शेवटी? गेज कोणाची होती?

सोल्डर_ताई · बुधवार, रात्री १०:१०

टेप लावताना एसीच्या डक्टची ॲल्युमिनियमची आणू नको, स्वस्त आहे म्हणून मोह होईल. तिच्यावर साधं सोल्डर धरत नाही आणि बहुतेकींचा डिंक वीज वाहत नाही. दोन पट्ट्या एकमेकींवर बसलेल्या दिसतात पण जोडलेल्या नसतात. तांब्याची घे, प्रत्येक जोडावर सोल्डरचा एक थेंब, आणि पॉटच्या पाठीपर्यंत वायर. झाकणाच्या आतूनही लाव. जॅकचं गरम (सिग्नलचं) टोक टेपला कधीच टेकणार नाही एवढी काळजी घे, नाहीतर सगळंच मुकं होईल.

जुलैत पुन्हा फट मोज. पाऊस सुरू झाला की नेक परत हलेल, आणि कोणीकडे हलेल ते तुझ्या लाकडावर आहे.

ऑर्केस्ट्रा_काका · गुरुवार, सकाळी ७:१५

शाब्बास. आता त्या ई तारेवर काहीतरी शिक पन.

बेस ॲम्प पाहून राहिला ना? आमच्या जुन्या ऑर्केस्ट्रातल्या एकाकडं पंधरा इंचीचा डबा पडून हाये, वापरत नाई, बायको त्याच्यावर गहू वाळवते. विचारतो. वजन लय हाये, दोन मानसं घेऊन ये.

मेकोसाबाग_लो_एंड · गुरुवार, सकाळी ११:४०

हॉल मिळाला. या महिन्यातला शेवटचा रविवार, चार वाजता. काकांचा गव्हाचा डबा आला तर तोच सगळ्यांचा ॲम्प. डी_तार दोन्ही ब्रिज घेऊन येतायत, पडदा आमच्या नाताळच्या नाटकातला आहे. लाकडगंजवाल्यांनी शिवणीचा तुकडा आणावा, वजन करून बघू.

पुणेरी_स्लॅप · गुरुवार, दुपारी १२:०५

मी त्या आठवड्यात कामानं नागपुरात आहे. चालेल का?

संत्र्याची_फोड · गुरुवार, दुपारी १२:०७

चार वाजता आहे, तोवर तुमची झोप झालेली असेल. या.

सोल्डर_ताई · गुरुवार, दुपारी १२:३०

हॉलमधले प्लग पॉइंट किती, आणि अर्थिंग आहे का ते टेस्टरनं कोणी बघितलंय का? दहा बेस, दहा केबल आणि एकाच्या हातातला दोन पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड, असं नको. मी तीन पिनांचे दोन आणते. आणखी एक कोण आणतंय?

टॅपेट_भाऊ · गुरुवार, दुपारी १२:३४

मी. फिलर गेज पण.